स्टँड मिक्सर घ्यावा का? पैसे भरण्याआधी करायची कामं, क्रमाने

स्टँड मिक्सरची खरेदी बहुतेक घरांत उलट्या क्रमाने होते. आधी सेलमधली किंमत दिसते, मग रंग ठरतो, यंत्र घरी येतं आणि त्यानंतर त्यात काय करायचं याचा शोध सुरू होतो. दोन केक, एक पिझ्झा, आणि पुढे ते आठ-दहा किलोचं धूड माळ्यावर जातं. खाली दिलेले टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. बऱ्याच जणांना चौथ्या टप्प्यापर्यंतच उत्तर मिळून जाईल.

## टप्पा 1 : हे यंत्र काय करतं आणि काय करत नाही

आपल्याकडे मिक्सर म्हटलं की चटणी वाटायचा मिक्सर डोळ्यांसमोर येतो, आणि पहिली चूक तिथेच होते. स्टँड मिक्सर वाटत नाही. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, इडलीचं पीठ, गोडा मसाला ही त्याची कामं नाहीत. काही यंत्रांसोबत ब्लेंडरचं भांडं येतं, पण ते मिल्कशेक-सरबतापुरतं धरा. म्हणजे हे यंत्र आलं तरी तुमचा मिक्सर-ग्राइंडर ओट्यावरून हलणार नाही. त्याच्याशेजारी आणखी एक यंत्र येणार, एवढंच.

स्टँड मिक्सर तीन कामं करतो. हुकने कणीक किंवा मैदा मळणं, चपट्या पॅडलने लोणी-साखर फेटणं किंवा मिश्रण एकजीव करणं, आणि तारांच्या व्हिस्कने अंडी किंवा क्रीम फुलवणं. चांगल्या यंत्रात हे अवजार स्वतःभोवती फिरतं आणि फिरता फिरता भांड्याच्या कडेकडेनेही जातं, त्यामुळे भांडं फिरवावं लागत नाही.

तपासा : या तीन कामांपैकी तुमच्या घरात महिन्याभरात कोणतं होतं? एकही होत नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

## टप्पा 2 : महिनाभर वही ठेवा

आठवणीवर विसंबू नका. यंत्र घ्यायचं मनात आलं की माणसाला आपण दर रविवारी ब्रेड करतो असं वाटायला लागतं. फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि मळण्या-फेटण्याचं काम झालं की तिथल्या तिथे चार गोष्टी लिहा : पदार्थ, कोरड्या पिठाचं वजन, हाताला लागलेली मिनिटं, आणि त्या कामाचा त्रास झाला का.

वजन महत्त्वाचं आहे, म्हणून वाटीच्या मापावर थांबू नका, काट्यावर मोजा. चारजणांच्या पोळ्यांना एका वेळी साधारण 300 ते 400 ग्रॅम कणीक लागते. दोघांच्या घरात ती दीडशे-दोनशेवर येते. पुढचा सगळा निर्णय या आकड्यावर फिरणार आहे.

सावधान : दिवाळीचा किंवा गणपतीचा महिना नोंदीसाठी धरू नका. सणाच्या महिन्यात प्रत्येक यंत्र गरजेचं वाटतं.

## टप्पा 3 : नोंदीतला एकेक पदार्थ कसाला लावा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. परदेशी पाककृतींचे व्हिडिओ बघून घेतलेला निर्णय आपल्या स्वयंपाकघरात इथेच फसतो.

### पोळीची कणीक

साडेचार-पाच लिटरच्या भांड्यात दोनशे ग्रॅम कणीक टाकून पाहा. हुक वरच्या वर फिरतो, थोडं पीठ गोळा करून स्वतःभोवती गुंडाळतो आणि तळाशी कोरड्या पिठाची चकती तशीच राहते. मग यंत्र थांबवा, खरवडा, पुन्हा लावा. तीन वेळा असं केल्यावर शेवटी हात घालावाच लागतो. हुकला धरायला ऐवज लागतो. साधारण 400-500 ग्रॅम पिठाच्या पुढे तो नीट काम करायला लागतो.

म्हणून फक्त पोळ्यांसाठी स्टँड मिक्सर घेऊ नका. 300-400 ग्रॅम कणीक फूड प्रोसेसर दोन-तीन मिनिटांत गोळा करून देतो, तोही बऱ्याच कमी पैशांत. एकत्र कुटुंबात रोज किलोभर कणीक तिंबली जात असेल तर मात्र गणित बदलतं. तिथे हे यंत्र रोज राबेल.

पुरणपोळीच्या पारीची गोष्ट वेगळी आहे. सैल, तेलात तिंबलेली, ओढली तर लांबणारी कणीक हाताने करायला दम लागतो आणि हुक ते काम छान करतो. पण वर्षात किती वेळा? कागदावर तोही आकडा येऊ द्या.

### भाकरी, उकड आणि फराळ

ज्वारी-बाजरीत ग्लूटेन (गव्हाच्या पिठाला ताण देणारं प्रथिन) नाही, त्यामुळे यंत्रात कितीही फिरवलं तरी ताण येणार नाही. भाकरीचं पीठ गरम पाण्यात, एकेका भाकरीपुरतं, तळहाताने रगडूनच मळायचं. तिथे यंत्राला जागा नाही.

मोदकाची उकड मात्र गरम असतानाच मळावी लागते आणि हात भाजतात. अर्धा किलो किंवा जास्त पिठीची उकड असेल तर पॅडलने मंद वेगावर दोन-तीन मिनिटं फिरवून घ्या आणि शेवटचा हात पाण्याचा-तुपाचा स्वतः लावा. हातांना खरा आराम मिळतो.

शंकरपाळी आणि चकलीचं घट्ट पीठ हे घरगुती यंत्राच्या मोटरवर सर्वांत जास्त भार टाकतं. पाणी कमी, मोहन घातलेलं, आणि फराळ म्हणून एकदम दोन किलो. असं पीठ एका वेळी थोडंच घ्यायचं, नाहीतर हाताने मळायचं. करंजीसाठी भिजवलेला रवा-मैदा कुटून मऊ करायचा असतो. तो भाग हुक करत नाही, फूड प्रोसेसरचं पातं त्याच्या बरंच जवळ जातं. चिरोट्याचा साटा इतका थोडा लागतो की ताटलीत तळहाताने फेसणंच सोपं.

### ब्रेड, पाव, पिझ्झा

स्टँड मिक्सर खऱ्या अर्थाने कामाला येतो तो इथे. लादी पावासारखं दूध-लोणी घातलेलं चिकट, सैल पीठ हाताने दहा-पंधरा मिनिटं मळणं अवघड असतं. हात चिकटतात, म्हणून माणूस वरून मैदा भुरभुरवत राहतो आणि पाव कोरडा होतो. यंत्राला चिकटपणाचं काही वाटत नाही, त्यामुळे पीठ सैलच राहतं आणि पाव मऊ होतो.

दर आठवड्याला अर्धा किलो किंवा जास्त मैद्याचा पाव होत असेल, तर नोंदीच्या कागदावर यंत्राच्या बाजूने ठळक खूण करा.

### केक आणि क्रीम

अंड्याशिवायचा केक करणाऱ्या घरांनी हे नीट वाचावं. कंडेन्स्ड मिल्कचा किंवा दही-सोड्याचा केक फेटून फुलवायचा नसतो. सोडा-बेकिंग पावडर त्याला फुलवतात. पीठ घातल्यावर जेमतेम एकजीव होईपर्यंतच ढवळायचं. जास्त फिरवलं तर मैद्याचं ग्लूटेन जागं होऊन केक चिवट होतो. असा केक हातातल्या साध्या व्हिस्कने उत्तम होतो आणि यंत्राने बिघडण्याची शक्यता वाढते.

अंड्याचा स्पंज, मेरिंग, बटरक्रीम यांना हवा भरावी लागते. पण महिन्यातून एका केकसाठी हँड मिक्सर पुरतो. आठ-दहा मिनिटं तो हातात धरून उभं राहावं लागतं, एवढाच फरक. एकामागून एक तीन-चार केक करणाऱ्याला मात्र तोच फरक मोठा असतो.

क्रीम फुलत नाही म्हणून यंत्र घेणारेही भेटतात. दुकानात मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25 टक्के स्निग्धांश असतो. ते कुठल्याही यंत्राने घट्ट उभं राहत नाही. त्यासाठी 30 टक्क्यांच्या वरचं व्हिपिंग क्रीम लागतं आणि तेही फ्रिजमधून नुकतंच काढलेलं. आधी क्रीम बदला.

### सायीचं लोणी

आठवड्याची विरजलेली साय थंड असताना व्हिस्कने फिरवली तर लोणी येतं. मात्र ताक सुटायच्या क्षणी ते ओटाभर उडतं, म्हणून भांड्यावर झाकण किंवा कापड हवंच. मिक्सरच्या भांड्यात हेच काम होत असेल तर त्यासाठी वेगळा खर्च नको.

## टप्पा 4 : आधी स्वस्त रस्ता वापरून बघा

नोंदीत पाव-पिझ्झा दिसत असेल तर यंत्राआधी विश्रांतीची पद्धत करा. त्याने अर्धी मेहनत आपोआप जाते.

1. मैदा आणि पाणी कोरडा भाग उरणार नाही एवढंच कालवा. अर्धा तास झाकून ठेवा. या वेळात पीठ पाणी पितं आणि ग्लूटेन आपणहून बांधायला लागतं.
2. यीस्ट थोड्या पाण्यात कालवून घाला, मग मीठ घाला. ओल्या हाताने दोन मिनिटं चिवडून एकजीव करा.
3. दर अर्ध्या तासाने भांड्यातच चारी बाजूंनी पीठ ओढून मधे घडी घाला. असं तीन-चार वेळा.
4. लिंबाएवढा गोळा तोडा, बोटांना तेल लावा आणि हळूहळू सगळीकडून ताणा. पतंगाच्या कागदासारखा पातळ पडदा होऊन पलीकडचा उजेड दिसला की पीठ तयार. दातेरी कडा होऊन फाटला तर आणखी एक घडी आणि थोडी वाट.

हे जमलं आणि पाव आवडला, तर तुमची अडचण वेळेची आहे की ताकदीची ते कळेल. वेळ देता येत असेल तर यंत्राची गरज नाही. कामावरून येऊन संध्याकाळी एका दमात पीठ तयार हवं असेल, तर आहे.

केकसाठी साधारण दीड ते तीन हजारांत मिळणारा हँड मिक्सर आधी घ्या, किंवा मैत्रिणीकडून महिनाभर आणा. तो कमी पडतोय असं सतत जाणवलं तरच पुढे जा.

सावधान : हँड मिक्सरसोबत वळलेल्या तारांचे हुक येतात. त्याने अर्धा किलो मैदा मळायला जाऊ नका. मोटर जळण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

### हात दुखत असतील तर

संधिवात, मनगटाचं किंवा अंगठ्याच्या मुळाचं दुखणं, खांद्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर वरचे हिशेब बाजूला ठेवा. रोजची कणीक तिंबणं हाच त्रास असेल तर यंत्र चैनीचं राहत नाही, आणि त्या बाईने किंवा माणसाने आणखी सोसावं असं कुणी म्हणू नये. फक्त यंत्र योग्य निवडा. दोघा-तिघांच्या कणकेला फूड प्रोसेसर किंवा कणीक मळायची सोय असलेला टेबल-टॉप वेट ग्राइंडर जास्त जुळतो. स्टँड मिक्सरच घ्यायचा असेल तर तो ओट्यावर कायमचा राहिला पाहिजे. दुखऱ्या हाताने आठ किलोचं यंत्र कपाटातून काढायचं असेल तर मदतीपेक्षा त्रासच जास्त.

## टप्पा 5 : ओटा मोजा

टेप घ्या आणि तीन मापं लिहा : ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची उंची, मोकळी रुंदी, आणि भिंतीपासूनची खोली. डोकं (मोटरचा वरचा भाग, ज्याला अवजार अडकवतात) मागे कलणाऱ्या यंत्राची बंद उंची साधारण 35 सेंटिमीटर असते, पण डोकं उचललं की ती 45-50 पर्यंत जाते. वरचं कपाट खाली असेल तर प्रत्येक वेळी यंत्र पुढे ओढावं लागेल. शेगडीला लागून किंवा सिंकच्या शिंतोड्यात जागा धरू नका.

यंत्र ओट्यावर कायम राहू शकत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नका. काढ-ठेव करावी लागणारं जड यंत्र वापरात राहत नाही.

विजेची काळजी फारशी नाही. 1200 वॉटचं यंत्रही 230 व्होल्टवर सव्वापाच ॲम्पिअरच्या आसपास घेतं, त्यामुळे 6 ॲम्पिअरचा साधा प्लग चालतो. त्याच बोर्डावर एक्स्टेंशन लावून इंडक्शन शेगडी चालवू नका, एवढंच.

## टप्पा 6 : दर वापराला किती पडतो ते काढा

समजा यंत्र 12,000 रुपयांचं आणि ते सात वर्षं टिकेल. आठवड्यातून एकदा वापरलं तर साधारण 350 वापर, म्हणजे दर वेळी 34 रुपये. वर्षातून दहाच वेळा वापरलं तर 70 वापर आणि दर वेळी 171 रुपये. आता स्वतःला विचारा, पाव मळून द्यायला कुणी 34 रुपये मागितले तर देईन का? 171 मागितले तर?

धुण्याची मिनिटंही धरा. भांडं, हुक, डोक्याखालची कड जिथे पीठ उडून सुकतं. हाताने सहा मिनिटांत होणारं काम यंत्राने करून वर सहा मिनिटं घासत बसत असाल, तर बचत कसली?

## टप्पा 7 : घ्यायचंच ठरलं तर काय बघायचं

वॉटवर जाऊ नका. वॉट म्हणजे यंत्र किती वीज खातं. हुकपर्यंत किती जोर पोचतो हे मोटर आणि गिअर ठरवतात. 300 वॉटचं धातूच्या गिअरचं यंत्र 1200 वॉटच्या हलक्या यंत्रापेक्षा पीठ चांगलं मळू शकतं.

माहितीपुस्तिका आधी वाचा. ती कंपनीच्या संकेतस्थळावर असते. त्यात तीन आकडे शोधा : एका वेळी जास्तीत जास्त किती पीठ मळता येतं, कोणत्या वेगावर, आणि सलग किती मिनिटं. भांड्याच्या लिटरवर भुलू नका. ते माप पातळ मिश्रणाचं असतं, पिठाची मर्यादा त्याहून पुष्कळ कमी असते. मळण्यासाठी पुस्तिकेत बहुधा खालचे एक-दोन वेगच दिलेले असतात. हे आकडे पुस्तिकेत नसतील तर ते यंत्र सोडून द्या.

वजन बघा. चार किलोचं यंत्र घट्ट पिठाला ओट्यावर सरकत जातं. हँड मिक्सर स्टँडला अडकवून खाली फिरतं भांडं दिलेले संचही स्टँड मिक्सर म्हणून विकले जातात. केकला ते चालतील, पावाला नाही.

सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात आहे का? मुंबई-पुण्यात प्रश्न नसतो. तालुक्याच्या ठिकाणी यंत्र खोक्यात घालून जिल्ह्याला पाठवावं लागतं. फोन करून विचारा, आणि गिअर, हुक, जादा भांडं सुटं मिळतं का तेही विचारा.

घरून केक विकत असाल तर वॉरंटीतलं व्यावसायिक वापराचं कलम वाचा. घरगुती यंत्रांची वॉरंटी बहुधा अशा वापराला लागू होत नाही.

अवजारांचा धातू. कोटिंग नसलेल्या ॲल्युमिनियमचे हुक डिशवॉशरमध्ये काळपट पडतात आणि करडा रंग हाताला लागतो. स्टेनलेस स्टील सर्वांत चांगलं.

### परदेशातून आणणार असाल तर

अमेरिकेत राहणारे मुलगा-सून येताना यंत्र घेऊन येतात, आणि हौसेची वस्तू पहिल्याच दिवशी जळते. तिथली वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्‌झ. आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झ. पिन बदलणारा ॲडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. तिथलं यंत्र इथे चालवायला व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही यंत्राच्या वॉटपेक्षा बऱ्यापैकी मोठा. शिवाय वॉरंटी इथे बहुधा चालत नाही. ब्रिटन, दुबई किंवा ऑस्ट्रेलियातलं यंत्र असेल तर व्होल्टेज जुळतं, प्लग बदलला की पुरे. तरी पाठीमागच्या पट्टीवर 220-240 व्होल्ट लिहिलंय का ते वाचूनच बटण दाबा.

## टप्पा 8 : परतीच्या मुदतीत चाचणी

यंत्र आल्यावर सणाची वाट बघू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत हे करा.

1. अवजार न लावता सगळ्या वेगांवर मिनिटभर चालवा. घरघर चालेल, कडकड चालणार नाही.
2. धुतलेलं एक रुपयाचं नाणं भांड्याच्या तळाशी ठेवून पॅडल सर्वांत मंद वेगावर फिरवा. नाणं मधूनमधून थोडं सरकलं तर अंतर बरोबर. सतत ढकललं गेलं तर पॅडल खाली आहे, हललंच नाही तर वर आहे. अनेक यंत्रांत यासाठी स्क्रू असतो, पुस्तिका बघून फिरवा.
3. 500 ग्रॅम मैद्याचं पीठ मळा. भांड्यात आधी पाणी, वर मैदा, म्हणजे तळाशी कोरडं राहत नाही. सुरुवात सर्वांत मंद वेगावर, मग पुस्तिकेत दिलेल्या मळण्याच्या वेगावर, आठ ते दहा मिनिटं. सलग चालवायची मर्यादा त्याहून कमी असेल तर मधे थांबा. मग टप्पा 4 मधली पातळ पडदा ताणून बघायची चाचणी.
4. याच वेळी यंत्राच्या डोक्यावर हात ठेवा. कोमट चालेल, हात ठेवता येणार नाही इतकं गरम किंवा जळका वास चालणार नाही. डोकं उसळतंय का, खालचे पाय ओट्यावर सरकताहेत का, तेही बघा.
5. दोन अंड्यांचा पांढरा बलक किंवा 200 मिलिलिटर व्हिपिंग क्रीम फेटा. व्हिस्क तळापर्यंत पोचत नसेल तर थोड्या प्रमाणात हे यंत्र तुमच्या कामाचं नाही.

सावधान : यंत्राने मळलेलं पीठ घर्षणाने तापतं. पावाचं पीठ 24 ते 27 अंश असावं आणि एप्रिल-मेमध्ये आपलं स्वयंपाकघर 34-35 वर असतं. तेव्हा पाणी फ्रिजमधलं थंडगार घ्या, नाहीतर पीठ घाईने फुगून आंबूस होईल आणि दोष यंत्राला जाईल.

यातल्या तिसऱ्या किंवा चौथ्या चाचणीत यंत्र नापास झालं तर व्हिडिओ काढून ठेवा आणि त्याच दिवशी परतीची विनंती टाका. खोका, थर्माकोल आणि बिल मुदत संपेपर्यंत रद्दीत जाऊ देऊ नका.